आईच्या डोळ्यांची जागा

बाळांनो,

परवा व्हिडिओवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचं पेन्सिलचं चित्र तुम्हाला दिसलं. "आजी, हे तू काढलंस?" असं तुम्ही विचारलंत आणि मी काही सांगण्याआधीच फोन बंद पडला. गैरसमज राहू नये म्हणून लिहिते आहे. ते माझ्या आईचं चित्र आहे. मी काढलेलं नाही, माझ्या मावसबहिणीनं काढलेलं आहे.

आमचं संस्थान भारतात विलीन झाल्यावर आमच्याकडच्या कचेऱ्यांतली उर्दू गेली आणि छापील उर्दू कागदांचे गठ्ठे रद्दीत निघाले. माझे वडील कारकून होते. पाठकोरे कागद ते आमच्यासाठी घरी आणत. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी त्यांना चित्रकला शिकवणारं एक इंग्रजी पुस्तकही दिलं होतं. घरात इंग्रजी वडिलांना आणि मला येत होतं, म्हणून ते पुस्तक माझंच, असं मी धरून चालले होते.

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी चेंडू, मग डबा, मग किटली. एक धडा जमल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. ही मावसबहीण बेंबळी गावाहून शाळेसाठी आमच्याकडं राहायला आली होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. ती बोटाला थुंकी लावून थेट मागची पानं उघडायची आणि घोडा काढायची. तो घोड्यासारखाच दिसायचा. मी किटलीच्या तोटीवर अडलेली. तिच्या पेन्सिलला टोक करून द्यायलाही माझा हात पुढं होत नसे.

तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं लग्न ठरलं. आई कॅमेऱ्यासमोर बसायला कधीच तयार नसायची. ताई म्हणाली, "रुखवतात लाडू-करंज्या सगळ्याच मांडतात. मला आईचं चित्र पाहिजे. दोघी काढा. जिचं आईसारखं दिसेल, ते मी सासरी नेणार."

मला खात्री होती. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. मी ते ठसक्यात वाचून मराठीत सांगितलं.

"कायतरीच!" बहीण म्हणाली. "मधी नाक असतंय."

"पुस्तकात छापलंय."

"छापणाऱ्यानं मावशीला कुठं बघितलंय?"

आई पदर तोंडाला लावून हसली.

दुपारी आई ज्वारी निवडायला बसली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर. मी दोरा घेऊन आईच्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत माप घेतलं, दोरा दुमडला, कागदावर मधोमध रेघ मारली आणि त्या रेघेवर डोळे काढले. "आई, हलू नकोस," एवढंच मी तिच्याशी बोलत होते. बहीण तिला गावाकडची मारकी म्हैस कुणाकुणाच्या मागं लागली ते सांगत होती.

ताईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझ्या चित्रातल्या आईचे डोळे पार कपाळात चढले होते.

"अगं, आईला विंचू चावला का काय?" ताई म्हणाली.

चूक बहिणीनंच ओळखली. "पदर पण मोजलास व्हय गं? त्यो काय डोक्यात धरतेत?"

खरंच, पुस्तकातली सगळी डोकी उघडी होती. मी माप घेतलं होतं ते अंबाड्यावरून वर उचललेल्या पदरापासून.

लग्नात वरपक्षाच्या बायका रुखवतापाशी थांबल्या. "विहीणबाई, तुमी हितं बी हाव अन् तितं बी!" एक म्हणाली. आई लाजली आणि तिनं बहिणीला पुढं ओढलं. मी पंगतीची पानं पुसायला निघून गेले.

डोळ्यांच्या जागेचं मी विसरले असते. पण त्या चित्रात आई ओठ दाबून, हसू यायच्या बेतात बघते आहे. ती तशी बहिणीकडं बघत होती. मी तिथंच हातभर अंतरावर बसले होते, हातात दोरा घेऊन. आई माझी, आणि ती नजर तिच्या वाट्याला गेली. आजही दिवा लावताना तिकडं लक्ष गेलं की आत काहीतरी टोचतं.

ताई गेल्यावर तिच्या मुलानं चित्र माझ्याकडं पाठवलं. बहीणही आता नाही. माझं चित्र तेव्हाच चुलीत गेलं. पुस्तक आहे, पुठ्ठा निघालेला. आईचा फोटो एकही नाही. मागच्या बाजूला उर्दू छापलेला हा एकच कागद उरला आहे, आणि त्यावरची आई बहिणीनं काढलेली आहे.