इंगाच्या कुरणातला बूट

डेलमार हॉफनरला जमिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ही गोष्ट तो सोडून साऱ्या गावाला ठाऊक होती. जन्मभर त्याने ट्रॅक्टर विकले. दुकान मुलाकडे गेलं, घरात बायको त्याला टिकू देईना, तेव्हा हे गृहस्थ आमच्या निसर्गभूमी समितीचे अध्यक्ष झाले. कुठली जमीन आधी राखायची हे आम्ही ठरवतो. आमचं बळ वर्षाला एका जागेपुरतं. विस्कॉन्सिनच्या आमच्या कोपऱ्यात पहिला नंबर लागला तर जागा वाचते, दुसरा लागला तर तिथे मका उगवतो.

डेलमार जागा पाहायला निघायचा डिसेंबरात, हरणांची शिकार आटोपल्यावर. उन्हाळ्यात डास चावतात ना! सगळं बर्फाखाली मेल्यासारखं पडलेलं असताना हा गाडीच्या काचेतून बघायचा, थर्मासातली कॉफी प्यायचा आणि गुण द्यायचा. रस्त्यावरून छान दिसणाऱ्या जागेला जास्त गुण, हा नियम त्याने स्वतः घुसडलेला.

त्या वर्षी इंगा टॉर्सेथचं कुरण यादीत होतं. खालून झरे, त्यामुळे तिथे कधी नांगर लागलाच नव्हता. मे महिन्यात तिथे पांढरी ऑर्किडं फुलायची, तशी आसपास कुठेच उरली नाहीत. इंगा म्हातारी झाली होती. जमिनीत भाच्यांचा वाटा होता आणि त्यांना ती मकावाल्याला विकायची होती. समितीचा निकाल लागेपर्यंत थांबा, एवढं तिने त्यांच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

मी हट्ट धरून डेलमारला गाडीतून उतरवलं. भर थंडीत ते कुरण गोठलेलं नव्हतं. पाण्यातून वाफ निघत होती, काठाला हिरवं गवत होतं. दुसरा कुणी असता तर जागीच थबकला असता. डेलमार चार पावलं चालला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. इंगाने आणि मी मिळून त्याला ओढून काढला, तो नुसत्या मोज्यावर.

"माझा नवा बूट!" तो किंचाळला.

"राहू दे, डेलमार," इंगा म्हणाली. "हे कुरण घेतलेलं परत देत नाही."

"ही काय जमीन आहे? चिखल नुसता!"

झालं. कुरणाचे गुण तिथेच बुडाले.

मग तळ्याकाठचं पाइनचं बन पाहिलं. डेलमारने डांबरी रस्त्यावरूनच हात जोडले. "याला म्हणतात अरण्य!"

"अरे, शाळेच्या पोरांनी लावलंय ते," मी म्हटलं. "झाडं रांगेत उभी आहेत, दिसत नाही का?"

"शिस्त आहे गं त्यांना! तुमच्या त्या चिखलाला आहे का?"

मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरात मी घसा फोडून बोलले. समितीतले बाकीचे तिघे म्हणजे डेलमारच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. लिंबाच्या वड्या चघळत त्यांनी हात वर केले, आणि बन पहिलं आलं. त्या तिघांची मला आजही शिसारी येते.

जूनमध्ये बनाचं उद्घाटन झालं. फीत, भाषण, डेलमारच्या नावाचं बाकडं, सगळा थाट. 'आपण नातवंडांसाठी निसर्ग राखला,' असं तो म्हणत होता, तेवढ्यात इंगा कागदी पिशवी घेऊन पुढे आली. तिने त्यातून काळा, ओला बूट काढला आणि बाकड्यावर ठेवला.

"मकावाल्याने पाणी काढायला चर खणले," ती म्हणाली. "त्यात सापडला. आता ये तू खुशाल. पाय रुतणार नाही, सगळं सुकलंय."

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

डेलमारने बूट उचलला, उलटा करून झटकला, अंगठ्याने चामडं दाबून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"अगं इंगा, हा तर जसाच्या तसा आहे! बरं झालं, दुसरा मी टाकला नव्हता."

कुरणातून वाचलं ते एवढंच.