आईच्या केसपेपरवरचं काम

आक्का, त्या दुष्काळी वर्षी आपण एकाच सकाळी पांगलो. आई-आबा ऊसतोडीला निघाले, सहकारी साखर कारखान्याच्या ट्रकमधून. मी नोकरी शोधायला पुण्याच्या एसटीत बसलो आणि शेरडं सांभाळायला तू एकटी मागं राहिलीस. आईच्या उजव्या हाताला पट्टी होती. "गळूच हाय, मरतंय का कुणी त्यानं?" असं म्हणत तिनं डाव्या हातानं माझी बॅग वर दिली.

त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. चौसाळ्याला मी तिला डॉक्टरांकडं नेलं होतं. बाकावर माझ्या कॉलेजातली दोन पोरं बसलेली. केसपेपर लिहिताना कंपाउंडरनं विचारलं, "काम काय करतात?" आई तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणालो, "गृहिणी." आईनं एकदा माझ्याकडं, एकदा त्या पोरांकडं बघितलं. डॉक्टरांनी पेपर वाचला. "घरीच असता, तर पंधरा दिवस हाताला आराम द्या," म्हणाले. बाई कोयता हातात घेणार आहे, हे त्यांना कसं कळावं? उसाच्या फडावर गळू आतून चिघळलं आणि अंगठा कायमचा आखडला.

आता मी एसीत बसून परदेशी दवाखान्यांचे चार्ट वाचतो, विम्याच्या बिलासाठी आजारांना कोड लावतो. उजव्या हाताच्या गळवाला एक कोड, डाव्याच्या गळवाला दुसरा. हात कोणता ते लिहिलं नसेल तर डॉक्टरला लगेच क्वेरी टाकतो. मनानं काही लावायचं नाही, असा नियमच आहे. ऑडिटमध्ये माझी चूक सापडत नाही म्हणून साहेब पाठ थोपटतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात आईचा अंगठा दाखवायला तिला इथल्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं काम विचारलं. या वेळी खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, पण आई आधी बोलली. "गृहिणी लिवा." शब्द तिनं जपून उच्चारला आणि बरोबर म्हटलं का, असं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई. ऊसतोड," मी म्हणालो.

"हळू बोल की रं, लोक ऐकायलेत," ती पुटपुटली. "तुलाच लाज वाटंल."

आक्का, घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की 'बीड' म्हणून मी मोकळा होतो. खरं तर आई असेल तेच आपलं घर. आणि त्या घरात माझी लाज तिनं इतकी वर्षं स्वतःची म्हणून सांभाळली. ती तिच्याकडून परत कशी घ्यायची, ते मला कळत नाही.