आवक, वाटप, शिल्लक

बसलिंगप्पाला रजिस्टर दाखवायची सवय मीच लावली. मी पुरवठा खात्यात निरीक्षक, तो निलंग्याचा रॉकेलवाला. त्याआधी तालुक्याचं सगळं रॉकेल एकाच शेठच्या हातात होतं. त्याच्या मर्जीवर गावांतले दिवे लागायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वरून हुकूम आला, शेठचा ठेका मोडून तिघांत वाटला, आणि त्यातला एक परवाना याला मिळाला. मग दारात रोज फळा: आवक, वाटप, शिल्लक. लिटरभर इकडचं तिकडं झालं की मी त्याला फैलावर घ्यायचो. शेवटी असं झालं, की फाईलवाला माणूस दिसला की हा न विचारता रजिस्टर पुढं करायचा.

रॉकेल बंद झालं तसं त्यानं लातुरात, क्लासेसच्या गल्लीत, मुलींचं होस्टेल काढलं. वहीची शिस्त तीच. नाव, गाव, वडलांचा फोन, रविवारच्या परीक्षेचे मार्क. मुखेडच्या पुनमला फारच कमी पडले तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, घरी नका सांगू. पुढच्या बारीला वाढवते." त्यानं शब्द दिला.

त्याच आठवड्यात एक फाईलवाला आला. अप्पानं वही पुढं केली. त्यानं पानांचे फोटो काढले आणि चहा पिऊन गेला. माणूस एका बड्या क्लासचा होता. गल्लीतल्या सगळ्या होस्टेलांच्या वह्या आता त्या एकाच क्लासकडं. दुसऱ्या दिवशी पुनमच्या वडलांना, दयानंदरावांना फोन गेला: मुलगी मागं पडलीय, आमच्याकडं घाला. ते एसटीनं आले, "मला अंधारात ठेवलं व्हय," म्हणाले आणि पोरीला घेऊन गेले. जाताना तिनं अप्पाकडं बघितलंसुद्धा नाही.

तो थेट माझ्या घरी आला. "साहेब, कोणत्या टेबलाला अर्ज करू? चोरी म्हणावं तर वही भरलेलीच हाय. रॉकेल गेलं की पिंप तरी खाली व्हायचं. अन् ह्यांचा ठेका कोण मोडणार?"

मी आधी त्याच्यावर चिडलो, मग स्वतःवर. लिटरभर तेलासाठी याला दिवसभर कचेरीत बसवणारा मी, मला एक टेबल सांगता येईना.

परवा गेलो तर होस्टेलच्या दारात तोच जुना फळा. आवक बेचाळीस नावं. वाटप, म्हणजे फोटोतून त्या क्लासकडं गेलेली, बेचाळीस. शिल्लकपुढंही बेचाळीस लिहून त्यानं पुसलं होतं. मला बघून खडू हातात धरून उभा राहिला.

"साहेब, पुनमला कुठं लिवू?"