सासऱ्याच्या नावाचा मालक

नोझुकोची नि माझी ओळख म्दांत्साने वस्तीतल्या कामगार कचेरीच्या रांगेतली. दोघींचीही नोकरी गेलेली, दोघी बेकारभत्त्यासाठी पहाटेपासून उभ्या. तिची सासू बाहेर झाडाखाली खुर्ची टाकून पहारा देत होती, जणू सून पळूनच जाणार होती. नोझुको कसली पळतेय! ती कामाला होती त्या कपडे धुण्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून तिनं दुपारपर्यंत अख्खी रांग हसवली.

खिडकीशी पोचली आणि घोडं अडलं.

"मावशी, दुकानाच्या मालकाचं नाव लिहायचं राहिलंय," टाय लावलेला कारकून म्हणाला.

"राहिलं नाही, भाऊ. लिहिताच येत नाही."

"मग सांगा, मी लिहितो."

"सांगताही येत नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव तेच आहे ना!"

मागे आम्ही सगळ्या बायका एका सुरात "अगंबाई!" म्हणालो. आमच्यात सासऱ्याचं नाव सून घेत नाही. ही बया तर लिहायलाही तयार नव्हती. मालकाला ती इतकी वर्षं नुसतं 'धुलाईवाले दादा' म्हणत आलेली, आणि मेलं दुकानाच्या पाटीवरही त्याचंच नाव!

"रीत मलाही कळते हो," कारकून कळवळून म्हणाला. "पण तुमच्या अर्जाची मुदत आज संपते. खिडकी बंद व्हायच्या आत नाव नाही, तर भत्ता नाही."

नोझुकोचं हसू मावळलं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

मग नाव ओळखायला आम्हीच कंबर कसली.

"म्झोली?"

"नाही."

"वुयानी?"

"नाही गं."

"मालुसी?"

एका म्हाताऱ्यानं तर लाजत लाजत स्वतःचंच नाव सुचवून पाहिलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं, पण भिंतीवरचं घड्याळ काही हसत नव्हतं.

गलका ऐकून सासू काठी आपटत आत आली. "काय तमाशा मांडलायस, सूनबाई?"

नोझुकोनं मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूनंही नवऱ्याला जन्मभर मुलाच्या नावानं 'थान्डोचे बाबा' अशीच हाक मारलेली, आणि आता तर हाक मारायला तेही राहिले नव्हते.

तिनं खांद्यावरची शाल सारखी केली आणि खिडकीवर वाकली.

"दुमिले," ती म्हणाली.

कारकुनानं नाव लिहिलं, शिक्का मारला, पावती सरकवली. नोझुकोनं ती छातीशी धरली आणि जागच्या जागी उडीच मारली.

"दुमिले!" म्हातारी पुन्हा म्हणाली, आता मोठ्यानं. मग लाजली, खुदकन हसली, आणि डोळे पुसत तिनं सरळ हाकच मारली, "दुमिलेऽऽ!"

"आजी, झालं काम," कारकून म्हणाला. "एकदा पुरे होतं."

"तुला पुरे असेल रे," म्हातारी म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून थांबलेय."