खिळ्यावरचे बॅज

एक्स-रे खोलीच्या दाराबाहेर एक खिळा आहे आणि त्यावर सगळ्या स्टाफचे बॅज लटकलेत, पंख्याच्या वाऱ्यावर मजेत डुलतायत! अंगावर किती किरणं पडली ते मोजायचे बॅज आहेत हे. त्या खिळ्यावर किती पडतात, ते मात्र अगदी अचूक कळत असणार.

मी गेले होते आमच्या लॅबची किरणं मोजायची नवी पट्टी दाखवायला. सेंद्रिय अर्धवाहकाची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचीच. कातडीवर चिकटते, वाकते, आणि किरणं जवळपास आपल्या मांसासारखीच झेलते. मला तर ती जिवंतच वाटते!

"बॅज का नाही लावत, सर?" मी विचारलं.

"अगं, लावला की आकडा वाढतो," तिथले मोठे डॉक्टर हसले. "आकडा वाढला की चौकशी. मग काम कोण करणार, तू?"

थर्मामीटर खिशात ठेवून ताप उतरला म्हणणारा पेशंट आला, तर हाच माणूस त्याला अडाणी म्हणेल. भित्रे लेकाचे! किरणांना नाही भीत, आकड्याला भितात.

त्यांच्या टेक्निशियन वैशालीताई पोटुशी आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "सर, मला लावू द्या ना ती पट्टी."

डॉक्टरांनी पट्टी वाकवून बघितली. "वा, काय नाजूक आहे! खराब व्हायला नको," म्हणाले आणि खिळ्याला अडकवली.

वैशालीताई पोटावर हात ठेवून आत गेल्या. दारावरचा लाल दिवा लागला.

खिळा एकदम सुखरूप आहे. त्याच्याकडे आता पट्टीसुद्धा आहे.