गोगोईकडचे पाहुणे

तिसऱ्या मजल्यावरची गोगोई जुम्म्याच्या सकाळी घरात पुरुष बोलावते, एक नाही, चांगले चारपाच, आणि वर त्यांना बीअर पाजते, अशी कुजबुज दोहाच्या अल मन्सूरातल्या एका जुनाट बिल्डिंगीत महिनाभर चालली होती. त्यांना आत शिरताना कुणी पाहिलं नव्हतं, बाहेर पडतानाही नाही. त्यामुळे तर बायकांची खात्रीच पटली. केवढे सराईत असतील मेले!

बातमी निघाली शेजारच्या शशिकला देवऱ्यांकडून, दाराआडून ऐकलेल्या हाका आणि कचऱ्यात दिसलेले बीअरचे डबे एवढ्यावरून. बाई नाशिकच्या, नवरा गॅस कंपनीत. बाई मनाने वाईट नव्हेत; पण नवरा साइटवर, पोरं शाळेत, मग दोहात माणसाने दिवसभर कान तरी कुठे ठेवायचे?

पापोरी गोगोई आसामातल्या शिवसागरची. अल नस्र भागातल्या एका थाई हॉटेलच्या दारात उभं राहून, हात जोडून गिऱ्हाइकांचं स्वागत करायचं, ही तिची नोकरी. चेहरा बघूनच मालकाने घेतली होती. गिऱ्हाईक कौतुकाने विचारी, "थायलंडमध्ये कुठली?" ती म्हणे, "उत्तरेची." आता याला अगदीच खोटं कसं म्हणावं? तिचे आहोम पूर्वज मूळचे ताई वंशाचेच. आठशे वर्षांपूर्वी पाटकाईचे डोंगर ओलांडून ते ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरले आणि सहाशे वर्षं राज्य करत बसले. त्यांचे भाऊबंद नद्यांच्या काठाकाठाने दक्षिणेला गेले, तिथे त्यांचं सयाम झालं, आणि सयामचं थायलंड तर अगदी काल-परवा, विसाव्या शतकात. दक्षिणेकडच्यांनी भाषा राखली. आहोमांनी राज्य कमावलं आणि भाषा घालवली.

त्या भाषेवाचूनच पापोरीचं अडलं होतं. सप्टेंबरात तिचे वडील गेले. ती दोहाहून घरी पोचेतो सगळं उरकलं होतं. जानेवारीच्या शेवटी आहोमांच्या घरी मे-दाम-मे-फी असतं, वाडवडिलांना जेवायला बोलवायचा दिवस. बोलवायचं त्यांच्याच भाषेत. आजोबांना ती येत होती. वडिलांना कामापुरतीही धड नव्हती. पापोरीला शून्य. यंदा वडील पहिल्यांदाच त्या पंगतीत बसणार होते, आणि हाक मारायला मागे उरली ही एकटी लेक. हाक गेलीच नाही तर देउता, म्हणजे बाबा, उपाशी राहतील, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. दारात उभी राहून हसायची आणि आत गलबलून जायची.

शेवटी ती भटारखान्यात नोईकडे गेली. नोई हॉटेलची आचारीण, पन्नाशीची, पापोरी तिला 'पी' म्हणजे ताई म्हणायची. दोघींची बोली हॉटेलातली इंग्रजी, निम्मी हातवाऱ्यांची.

"पी, माझ्या पूर्वजांना तू बोलाव ना. तुझी त्यांची भाषा एकच."

"वेडी का तू?" नोईने सुरी खाली ठेवली. "तुझे लोक निघाले तेव्हा थायलंड होतं कुठे? बँकॉकसुद्धा नव्हतं. माझी थाई शाळेत घोटून घेतलेली, सरकारी. ती ऐकून पळत सुटतील. वाटेल, कर वसूल करायला आले!"

"मग घरी काय बोलायचीस?"

नोई सुरी उचलून पुन्हा चिरू लागली. ती इसानची. हा थायलंडचा ईशान्य कोपरा, पलीकडे मेकाँग नदी आणि लाओस. घरी आजीची लाओ बोली. ती शाळेत तोंडून निघाली की मास्तर गळ्यात पाटी अडकवायचे. आता बँकॉकात वाढलेली लेक फोनवर म्हणते, आई, माणसांसमोर तसं बोलू नकोस ना.

"तसलं बोलून चालेल तुझ्या राजेलोकांना?" नोईने विचारलं. "गावंढळ आहे हं."

"ते तरी कुठे बँकॉक बघून आलेत?"

एकतीस तारखेला शुक्रवार होता, हॉटेल दुपारनंतर उघडणार होतं. सकाळीच पापोरीने शेजारचं दार वाजवलं. "दीदी, दोन सुपाऱ्या मिळतील? पाहुणे यायचेत."

"कोण गं पाहुणे?"

"माझ्याकडचेच."

एवढं बोलून ती लगबगीने आत गेली. झालं! बाईंनी दिवाणखान्यातली खुर्चीच दाराशी ओढून घेतली.

पापोरीकडे नोई पहाटेच येऊन बसली होती; भात, अंडी, कोंबडी तयार होती. भाताची दारू मात्र दोहात आणायची कुठून? कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, बिनदारूच्या बीअरचे डबे आणले होते.

"यात काही नाही हे कळलं तर त्यांना?" पापोरी म्हणाली.

"आठशे वर्षांचे तहानलेले आहेत. घेतील चालवून."

दोन ताटं मांडली, एक देउतांचं, एक वाडवडिलांचं. नोईने गळा खाकरला आणि गावाकडे आजारी पोराचा जीव परत बोलावताना आजी घालायची तशी हाक घातली, "मा द, ख्वान अई!" ये रे जिवा, ये. पापोरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. 'ख्वान' तिने आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. अख्ख्या हाकेतला तिला कळलेला तेवढाच शब्द. नोईचा आवाज मात्र मध्येच चिरकला. ती उठली, तिने तिसरं ताट वाढून घेतलं आणि आपल्या आजीला बोलावू लागली.

"आता तुझ्या बाबांना तू बोलाव," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या रोजच्या भाषेत. ते सांगतील वरच्यांना."

"देउता, आहक," पापोरी असमियात म्हणाली. बाबा, या. "भात खाओक."

मग दोघी वाट बघत बसल्या. भात निवत गेला. एसीची घरघर तेवढी चालू होती. देउता तसे बोलणारे नव्हतेच, जेवताना तर मुळीच नाही. पापोरीने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. नको म्हणायला कुणी नव्हतं, तेव्हा तिला रडू फुटलं.

त्या शुक्रवारी त्या घरात एकही पुरुष आला नव्हता. दोन बायका होत्या. त्यांनी आपल्या मेलेल्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. बीअरमध्ये दारू नव्हती.