पदराची मागची बाजू

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सुनंदा आमची साड्यांची वेबसाइट सोडून गेली ती मोठ्या पगारासाठी, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं होतं.

परवा एका प्रदर्शनात तिच्या स्टॉलवर एक आजी डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा जाडजूड व्हीआर चष्मा चढवून बसल्या होत्या. समोर साडी नव्हतीच. तरी त्यांनी दोन बोटांनी हवेतला पदर उलटला आणि शेजारच्या लेकीला म्हणाल्या, "मागूनही मोर तस्साच आहे गं. हीच घेऊ." मागे बायकांची रांग लागली होती.

पैठणी घेणारी बाई आधी पदर उलटून बघते. आम्ही मात्र वर्षानुवर्षं समोरून काढलेले फोटोच दाखवले. सुनंदाने हे आभासी दुकान सुचवलं, तेव्हा मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "डोळ्यांवर डबा बांधून साडी कोण घेणार, तुझ्या सासूबाई?" सगळे हसले. आठवड्याभरात तिने राजीनामा दिला.

आज आमची वेबसाइट ओस पडली आहे, आणि तरी त्या रांगेकडे बघताना माझा ऊर भरून आला. बोटांना जे हवं होतं, ते तिने त्यांना मिळवून दिलं. ती जिंकली होती.

"सर, तुम्हीही बघा ना," म्हणत तिने चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. मी पदर उलटला. वीण देखणी होती. चष्मा काढला तेव्हा ती समोर हसत उभी होती. 'माझं चुकलं, तुझा अपमान केला मी,' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "रंग छान आहेत."